खोडकर पोर आणि खलनायक: एकाच गोष्टीत दोघांना कसं उभं करायचं

मराठीत ‘इब्लिस’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या माणसांना लावतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सैतान. पण आजी नातवाला ‘इब्लिस कार्टं’ म्हणते तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात त्याच्यासाठी लाडू असतो, आणि गावाला लुबाडणाऱ्या माणसाला कुणी इब्लिस म्हणतं तेव्हा आवाज खाली आलेला असतो. मुलांसाठी गोष्ट लिहिणाऱ्याने या एका शब्दावर जरा थांबावं. खोडकर मूल आणि खलनायक जे करतात ते वरवर सारखंच असतं. दोघं वस्तू लपवतात, अदलाबदल करतात, थापा मारतात. फरक पुढच्या क्षणी दिसतो. समोरच्याला खरंच लागलं हे कळल्यावर मूल थबकतं. खलनायकाने ते लागणं आधीच हिशोबात धरलेलं असतं.

म्हणून या दोघांना वेगवेगळं रचून नंतर समोरासमोर आणू नका. एकच कृती घ्या आणि ती दोघांना वाटून द्या. खाली 8 ते 12 वर्षांच्या वाचकांसाठी सुमारे 2,500 शब्दांची कथा धरली आहे आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. कोकणातलं गाव, आंब्याचा हंगाम. पमी, वय 9, देवळाबाहेर काढलेल्या चपलांची अदलाबदल करते. दामूअण्णा गावातल्या बागायतदारांचा आंबा पेट्या भरून शहरात पाठवतात आणि पेटीच्या तळचा हापूस काढून तिथे बाहेरून आणलेली स्वस्त फळं घालतात. अदलाबदल दोघंही करतात.

आधी नेमका शब्द

‘खोडकर’ एवढं लिहून कामाला लागलं की मूल पुढे धूसरच राहतं. मराठीत या मुलांसाठी भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येकातून वेगळं पात्र निघतं. अवखळ मुलाच्या अंगात नुसती ताकद मावत नाही, त्याच्या हातून वस्तू फुटतात, पण त्याने ठरवून काही केलेलं नसतं. खोडकर मुलाला कुणीतरी गिऱ्हाईक लागतं आणि त्याचा चेहरा बघायला तिथेच थांबावं लागतं. वात्रटाची सगळी करामत जिभेत. आगाऊ मूल मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं आणि बहुतेक वेळा बरोबर असतं, म्हणून तर मोठे चिडतात. द्वाड मूल सांगितलेलं ऐकत नाही. उनाड घरीच सापडत नाही, आणि त्यामुळे गावातल्या वाटा, कुंपणातली भोकं आणि कुणाचा कुत्रा कधी झोपतो हे सगळं त्याला ठाऊक असतं.

यातला एक शब्द मुख्य आणि एक दुय्यम एवढेच घ्या. पमी खोडकर आहे आणि थोडी उनाड. वात्रट नाही, म्हणून तिला चुरचुरीत वाक्यं द्यायची नाहीत. नवे लेखक इथेच घसरतात. संवाद लिहिताना एखादं टाळीचं वाक्य सुचतं, ते मुलाच्या तोंडी जातं आणि एका पानात खोडकर मुलगी वात्रट होऊन बसते.

खलनायकाचंही तसंच. आतल्या गाठीचा माणूस कमी बोलतो, दुसऱ्याला बोलू देतो. पाताळयंत्री माणसाची योजना तीन पायऱ्या पुढची असते, त्यामुळे कथानकात तेवढ्या पायऱ्या दाखवाव्या लागतात; 2,500 शब्दांत तो मावत नाही, त्याला कादंबरी द्या. मतलबी माणूस प्रत्येक भेटीत काहीतरी घेऊन जातो. बेरक्याला माणसं ओळखता येतात, आणि बेरकी माणूस खलनायक असेलच असं नाही, तो पमीचा आजाही असू शकतो. दामूअण्णा आतल्या गाठीचे आहेत. पेढीवर बसतात, सुपारी कातरतात, "तुम्ही म्हणाल तसं," म्हणतात.

खोडीची यंत्रणा

‘पमी फार खोड्या करायची’ हे वाक्य खोडून टाका. एकच खोडी घ्या आणि ती इतकी नेमकी सांगा की वाचणाऱ्या मुलाला उद्या तसंच करून बघता येईल. त्यासाठी पाच गोष्टी लागतात: गिऱ्हाईक कोण, वस्तू कोणती, वेळ किती, लपायची जागा कुठली आणि फजिती झाल्याचं पहिलं चिन्ह कोणतं. पमी चपलांचे जोड इकडचे तिकडे करत नाही. ती फक्त डाव्या चपला हलवते, प्रत्येक डावी चप्पल एक जागा पुढे. आरती संपायला वेळ असतो तेवढ्यात वीस जोड होतात. लपायची जागा दीपमाळेच्या मागे. पहिलं चिन्ह म्हणजे पायात चप्पल सरकवून दोन पावलं चाललेला आणि मग थांबून खाली बघणारा माणूस. ‘फक्त डाव्या’ या दोन शब्दांनी पमी उभी राहते. तिला गोंधळ आवडत नाही, तिला पद्धत आवडते. शेवटी कथा याच गुणावर उलटणार आहे.

वयाचा विचार इथे फार काटेकोरपणे करा. समोरच्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते, आणि ती आपण तयार करू शकतो, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागतं. त्याआधीचं मूल डबा उलटा करतं ते आत काय आहे हे बघायला, कुणाला फसवायला नाही. लपाछपीत ते स्वतःचे डोळे झाकून आपण लपलो असं मानतं. पाच-सहा वर्षांचं मूल वस्तू लपवतं, पण लपवलेल्या जागेकडेच बघत राहतं. आठ-नऊच्या मुलाला दोन-तीन पायऱ्यांचा बेत जमतो. दहा-बाराच्या मुलाला नियमांतल्या फटी दिसतात: "तुम्ही झाडावर चढू नका म्हणालात, भिंतीवर नाही." कथेतल्या साडेतीन वर्षांच्या धाकट्या भावाने खलनायकाला युक्तीने खोलीत कोंडलं, तर मुलंही ते मानत नाहीत. त्यांच्या घरी साडेतीन वर्षांची भावंडं असतात.

शरीराची मापंही तपासा. आपल्या उदाहरणात पहिल्यांदा सुचतं ते असं की पमी पेट्यांची अदलाबदल करते. पाच डझनांची पेटी, म्हणजे 60 फळं. फळ सरासरी पाव किलोचं धरलं तर 15 किलो, वर पेटीचं आणि पेंढ्याचं वजन. नऊ वर्षांच्या मुलीला ती चोरपावलांनी हलवता येणार नाही. हा अडथळा लेखकाच्या फायद्याचा आहे. पेटी हलत नाही म्हणून पमी पेटीवरची चिठ्ठी हलवते आणि जड काम दामूअण्णांचा गडीच करतो. कथेतली चांगली युक्ती बहुतेक वेळा अशा अडचणीतूनच निघते, म्हणून वजनं, उंची, अंतरं आधी वहीत लिहून ठेवावीत.

खोडी सांगायची कशी? मराठीत याचा एक जुना आणि अजून न झिजलेला मार्ग आहे: गाऱ्हाणं. गवळणींमध्ये कृष्णाच्या खोड्या आपल्याला किती वेळा गोपींच्या तक्रारींतून कळतात ते आठवा. शिंकं कसं तोडलं, माठ कसा फोडला हे यशोदेसमोर रागारागाने सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला त्या रागाखालचं कौतुक ऐकू येतं. लेखकाला यात दुहेरी लाभ होतो. खोडीचं वर्णन होतं आणि तक्रार करणाऱ्याचा स्वभावही कळतो. पमीच्या आईपुढे तीन बायका आल्या आहेत असा प्रसंग लिहा:

"तुझी पमी कुठेय?"
"का गं?"
"का म्हणून काय विचारतेस! माझ्या पायात बघ. एक माझी, एक गुरवाची."
"आणि गुरव?"
"तो गेला अनवाणी. म्हणाला, देवाची इच्छा."

इथे पमीने तोंडही उघडलेलं नाही. गाऱ्हाण्यात अतिशयोक्तीही चालते, निवेदकाने मात्र ती करू नये.

एक मर्यादा पाळा. पहिल्या खोडीत कुणाला मोठी इजा होऊ नये, गरीब माणसाचं नुकसान होऊ नये, प्राण्याचा छळ होऊ नये. कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधणारं मूल आजच्या वाचकाच्या मनातून पहिल्याच पानावर उतरतं आणि मग परत चढत नाही. पण खोडीची किंमत शून्यही नको. गुरव अनवाणी गेला, त्याच्या पायात काटा गेला, दुसऱ्या दिवशी तो लंगडताना पमीला दिसला. ती कुणाला न सांगता त्याच्या दारात चप्पल ठेवून येते. तीन ओळींत संपवा. माफीचं भाषण नको. दामूअण्णांशी तिचा फरक या तीन ओळींतच ठरतो.

खलनायकाची वही

मुलांच्या गोष्टींतला खलनायक बहुतेक वेळा ‘दुष्ट होता म्हणून’ दुष्ट असतो. त्याला धंदा नसतो, खर्च नसतो, त्याची रात्रीची झोप कशाने उडते हे लेखकालाही ठाऊक नसतं. कंसाकडे बघा. देवकीचा आठवा मुलगा तुला मारणार ही आकाशवाणी त्याने ऐकली आहे. पुढचं सगळं, बहिणीचा कारावास, नवजात मुलांच्या हत्या, त्या एका भीतीतून ओळीने येतं. कृत्य राक्षसी आहे, पण भीती कुणालाही कळेल अशी आहे. शिवाय तो मामा आहे. परक्या राक्षसापेक्षा घरातला माणूस उलटला की मूल जास्त घाबरतं. पूतना तर दूध पाजायला येते. मुलाला सगळ्यात सुरक्षित वाटणारी जागा म्हणजे मांडी, आणि धोका तिथेच ठेवला आहे. एवढी नेमकी रचना नुसत्या सुळ्यांच्या वर्णनातून कधी साधत नाही.

दामूअण्णांसाठी वहीचं एक पान वेगळं ठेवा आणि त्यावर खरा हिशोब मांडा. हंगामात त्यांच्या हाताखालून 200 पेट्या जातात. पेटीत तीन थर, प्रत्येकी 20 फळं. ते फक्त तळचा थर बदलतात. म्हणजे 4,000 फळं. एका फळामागे 25 रुपये सुटले तर 1,00,000 रुपये. टेंपोचे थकलेले हप्ते यात फिटतात. वरचे दोन थर अस्सल असल्यामुळे गावात कुणाला शंका येत नाही. तळ दिसतो तो शहरातल्या गिऱ्हाइकाच्या घरी, काही दिवसांनी. आणि पेटीवर नाव असतं बागायतदाराचं. बोल लागतो पमीच्या आजोबांना. हा आकडा कथेत कुठेही छापायचा नाही, पण तो ठाऊक असला की दामूअण्णा कोणत्या पेटीला हात लावतील, केव्हा घाबरतील आणि कोणता धोका पत्करणार नाहीत हे आपोआप ठरतं.

उदाहरणात खोट फळात ठेवू नका. बाहेरचा आंबा पिकवणाराही शेतकरीच आहे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे या नावाला किंमत आहे, आणि चोरी होते ती त्या नावाची. हे स्पष्ट राहिलं नाही तर वाचक मुलाच्या मनात ‘परगावचं ते वाईट’ एवढंच उरतं.

त्याच कारणाने दिसण्यावरून खलनायक घडवणं पूर्ण सोडा. काळा रंग, तिरळे डोळे, लंगडणं, देवीचे व्रण, कुबड या सगळ्या गोष्टी आपल्या वाचकांपैकी कुणाच्या तरी घरात आहेत. आडनावाने जात सुचवणंही टाळा. बोलीबद्दल तर जास्तच जपा: सगळी पात्रं प्रमाण मराठी बोलतात आणि एकटा खलनायक मालवणी किंवा वऱ्हाडी, हा अन्याय आजही सर्रास होतो. बोली द्यायची तर पमीच्या आजीलाही द्या.

मग भीती कशातून आणायची? एका सवयीतून. दामूअण्णांची सुपारी कातरणं घ्या. पहिल्या प्रसंगात ते सुपारी कातरत गप्पा मारतात, पमीला खोबऱ्याचा तुकडाही देतात. दुसऱ्या प्रसंगात पमी तळघरात आहे आणि वरून अडकित्त्याचा ‘कट्, कट्’ असा आवाज येतोय. तिसऱ्यात तो आवाज थांबतो. तीनच वेळा. पहिल्या वेळी आवाज प्रेमळ नसेल तर तिसऱ्या वेळची शांतता काहीच करत नाही. ही सवय मुलाच्या कानाला ओळखीची हवी, म्हणून चष्मा पुसण्यापेक्षा आवाज करणारी सवय निवडावी.

आणि दामूअण्णांना चांगलं काहीतरी द्या, जे खोटं नाही. देवळाच्या उत्सवाला ते दरवर्षी एक पेटी देतात, स्वतःच्या हाताने निवडून, तीनही थर अस्सल. देवाला फसवायला ते घाबरतात. माणूस म्हणून हे त्यांचं खरं आहे, आणि सापडणार आहेत तेही इथेच.

दोघांची गाठ

शब्दांची वाटणी ठोकळमानाने अशी ठेवा. पहिल्या 300 शब्दांत चपला आणि गाऱ्हाणं. 500व्या शब्दाच्या आत दामूअण्णा दिसलेच पाहिजेत, मात्र भले म्हणून. 900 पर्यंत आजोबांवर आळ. तिथून 1,700 पर्यंत शोध, आणि यात पमीचा एक अंदाज साफ चुकला पाहिजे. तिला वाटतं गडी चोर आहे, ती त्याच्या मागे लागते आणि तोंडघशी पडते. उरलेल्या 800 मध्ये बेत, फजिती होता होता वाचणं आणि उलगडा. नव्या लेखकांच्या कथेत उलगडा 200 शब्दांत उरकलेला असतो, कारण तोवर दमछाक झालेली असते. अशा वेळी उलगड्याचा प्रसंग आधी लिहून ठेवा.

मोठी माणसं कुठे आहेत याचं उत्तर आधी द्या. आई-बाबा घरात असतील तर मूल त्यांना सांगेल, सांगायलाच हवं. हंगामात सगळे पहाटेपासून बागेत असतात, संध्याकाळी पेट्या भरतात, हे कारण पुरेसं आहे. त्याहून चांगलं कारण पहिल्याच प्रसंगात पेरलेलं आहे: पमी आईला सांगते, पण चपलांच्या प्रकरणानंतर तिच्या सांगण्याला कुणी धरत नाही. खोडीचं हे खरं मोल आहे, आणि मुलांना ते ओरड्यापेक्षा जास्त झोंबतं. मोबाइलचंही उत्तर लागतं, नाहीतर ‘फोटो का नाही काढला?’ हा प्रश्न पहिला वाचकच विचारतो. नऊ वर्षांच्या मुलीकडे स्वतःचा फोन नाही, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जा.

शोधात योगायोग टाळा. दाराआडून खलनायकाचं सगळं बोलणं ऐकू येणं ही इतकी वापरलेली वाट आहे की मुलं आधीच ओळखतात. शिवाय दामूअण्णा आतल्या गाठीचे, ते मोठ्याने कट सांगणारच नाहीत. पमीला पुरावा तिच्या खोडीच्याच डोळ्याने दिसू दे. चपलांत कुठली मूळ जागेवरची आणि कुठली हलवलेली हे तिला लगेच कळतं. पेटीतही तिला दिसतं की वरच्या दोन थरांचा पेंढा एका हाताने रचलाय आणि तळचा दुसऱ्या.

समोरासमोरचा प्रसंग लिहिताना दोघांचा पायंडा सोडू नका. पमी त्यांना ‘अण्णा, तुम्ही’ असंच म्हणणार. दामूअण्णा तिला ‘गो पमे’ म्हणणार. धमकीही त्याच गोड स्वरात:

"गो पमे, इथे काय करतेस?"
"चेंडू शोधतेय."
"सापडला?"
"नाही."
"मग जा. तळघरात विंचू असतात. आजोबांना आधीच व्याप कमी आहेत होय?"

शेवटचं वाक्य म्हणजे धमकी. त्यात ‘बघून घेईन’ नाही, डोळे वटारणं नाही, म्हणूनच ती पोटात जाते. पमीचं उत्तर जास्तीत जास्त चार-पाच शब्दांचं. घाबरलेलं मूल लांब वाक्य बोलत नाही.

उत्सवाच्या दिवशी देवाच्या पेटीवरची चिठ्ठी बाजारच्या पेटीवर आणि बाजारच्या पेटीवरची देवाच्या पेटीवर. गडी चिठ्ठी बघून पेटी उचलतो. मंडपात फळं देवापुढे मांडायला पेटी रिकामी केली जाते, पहिला थर, दुसरा थर, मग आजी तिसऱ्या थरातलं फळ उचलून देठाशी नाक नेते. आजीने फळ पुन्हा हुंगावं आणि काही न बोलता शेजारणीच्या हातात द्यावं. फळ हातोहात मागे जात राहतं. मंडपात कुणी ओरडत नाही. सुपारी कातरण्याचा आवाज थांबलेला असतो.

इथे पोलीसकाकांना आणू नका. बक्षीस समारंभ नको, सरपंचांचं भाषण नको. दामूअण्णांनी रडून माफी मागणंही नको, कारण हप्ते अजून थकलेलेच आहेत, माणूस एका संध्याकाळीत बदलत नाही आणि मुलांना हे ठाऊक असतं. त्यांना मंडपातून बाहेर पडून चपला घालू द्या. डाव्या पायात त्यांची स्वतःची चप्पल आहे की नाही हे त्यांनी खाली बघून तपासावं, मग निघावं. पमीने त्या दिवशी चपलांना हात लावलेला नाही.

मसुदा मुलांसमोर

लिहून झालं की दोन दिवस ठेवा आणि मग 8 ते 10 वर्षांच्या चार-पाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. 2,500 शब्दांना साधारण वीस मिनिटं लागतात. आपली मुलं, भाचरं एवढीच घेऊ नका, ती भिडेखातर ऐकतात. कागदाच्या समासात फक्त दोन खुणा करा: मुलं चुळबुळली तिथे फुली, पुढे सरकली तिथे बाण. आवडली का, असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. दामूअण्णा पहिल्यांदा आल्यावर वाचन थांबवून विचारा, "हे कसे वाटतात?" मुलांनी लगेच "चोर!" म्हटलं तर त्यांची ओळख उघडी पडली आहे, तो प्रसंग पुन्हा लिहा. तळघराच्या प्रसंगात एखादं मूल शेजारच्याला चिकटलं तर भीतीचं प्रमाण बरोबर आहे. कुणी उठून आईकडे गेलं तर अडकित्त्याचा आवाज आणि पमीचं बाहेर पडणं यातलं अंतर कमी करा. शेवटी एकच प्रश्न: "पमी उद्या काय करेल?" सगळ्या मुलांनी एकच उत्तर दिलं तर पहिल्या प्रसंगातली खोडी अजून कच्ची आहे, तिथे परत जा.